देवतेचे नाव आणि दुकानाची पाटी

आमच्या परिचयाच्या एका घराण्यातला तरुण गेल्या श्रावणात बेळगावास आमच्या घरी आला. फोंड्याच्या बाजूला त्यांचे कुळागर आहे. आजवर रातांबे आणि नारळ जागच्या जागी व्यापाऱ्याला देऊन टाकण्याचा त्यांचा परिपाठ होता. आता आमसुले, आगळ आणि घाण्यावरचे खोबरेल घरीच तयार करून बेळगाव, कोल्हापूर, हुबळीच्या बाजारात आपल्या नावाने पाठवावे असा त्याचा बेत आहे. माल सिद्ध आहे, कर्ज मंजूर झाले आहे, डबेही ठरले आहेत. अडले आहे ते नावापाशी.

त्याने तीन नावे कागदावर लिहून आणली होती. पहिले कुलदेवतेचे. दुसरे कोणत्याच भाषेत अर्थ नसलेले, परंतु उच्चारायला झुळझुळीत. ते त्याला कोणा जाहिरातवाल्याने सुचवले होते. तिसरे त्याच्या वाड्याचे, म्हणजे ज्या लहानशा वस्तीत त्यांचे घर आहे तिचे. वडिलांचा कौल पहिल्या नावाला. आजीचा मात्र त्यालाच विरोध. ती एवढेच म्हणाली होती, ‘‘देवाचें नांव विकपाक न्हय.’’ तरुणाला याचा उलगडा होईना. ज्या आजीने आयुष्यभर नामस्मरणावाचून चूल पेटवली नाही, तिनेच देवीचे नाव नको म्हणावे, हे कसे?

प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा आहे, आणि आम्ही व्यापारी नव्हे. परंतु आमच्या आजोबांचे दुकान होते आणि त्यावरची पाटी देवीच्याच नावाची होती. त्यामुळे या प्रश्नाशी आमचा जुना आणि काहीसा अवघड संबंध आहे.

नाव लक्षात राहावे म्हणून काय करावे, याची चर्चा आज मोठ्या आवेशाने चालते. नाव आखूड असावे, जिभेला सुलभ असावे, कानाला गोड लागावे, अर्थ शुभ असावा, असे सांगणारे शुल्क घेऊन सांगतात. आपल्याकडे बारशाच्या संदर्भात या गोष्टींचा विचार फार पूर्वी झालेला आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, घोष वर्णाने आरंभ होणारे, मध्ये य-र-ल-व यांपैकी एखादे अक्षर असलेले असावे असे सांगितले आहे. मुलीचे नाव सुखाने उच्चारता येईल असे, कठोर अर्थ नसलेले, स्पष्ट, मनोहर आणि मंगल असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. जाहिरातवाल्याची यादी हीच, फक्त होम आणि घुगऱ्या वगळून. भेद एवढाच की बारशाचे नाव ज्याला ठेवतात तो पुढे त्या नावाने ओळखला जातो आणि त्या नावानेच त्याला जाबही द्यावा लागतो. दुकानाच्या नावाचा जाब कोणी द्यावयाचा, हे पाटीवरून नेहमीच कळते असे नाही.

देवतेचे नाव व्यवसायाला देण्याची प्रथा निंद्य आहे असे कोणी समजू नये. चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढल्याशिवाय आकडा न मांडणारी आपली माणसे. गोव्यातल्या कोणत्याही बाजारातून चालत जावे, मंगेश, शांतादुर्गा, महालसा, दामोदर, रामनाथ, नागेश ही नावे किराणा, कापड, सोने-चांदी यांच्या पाट्यांवर वाचत जाता येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या जाचामुळे मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. महाजन पांगले, कोणी कारवारकडे, कोणी मंगळुरूकडे, कोणी घाटावर बेळगावच्या अंगाला. जेथे देऊळ बांधणे शक्य नव्हते तेथे नाव तरी नेता येत होते. परक्या गावात दुकान टाकणाऱ्याने पाटीवर कुलदेवतेचे नाव लिहिले, तर ते गिऱ्हाईक ओढण्यासाठीच लिहिले असे म्हणणे अन्यायाचे होईल.

शिवाय अजामिळाची कथा आहेच. भागवताच्या सहाव्या स्कंधातला हा भ्रष्ट ब्राह्मण मरतेवेळी आपल्या धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण. आणि तेवढ्यावर विष्णुदूत येऊन यमदूतांना परतवतात. दुसऱ्याला उद्देशून, थट्टेने, गाण्यातल्या पालुपदासारखे किंवा अवहेलनेने घेतले तरी नाम पाप हरते, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. तरुणाचे वडील याच कथेचा आधार घेत होते. दिवसातून शंभर गिऱ्हाइके दुकानात देवीचे नाव घेऊन तेल मागतील. त्यांना पुण्य आणि आपल्यालाही. युक्तिवाद गोड आहे, आणि निम्मा खराही आहे.

त्याची उरलेली बाजू पद्मपुराणात सापडते. तेथे नामाविषयीचे दहा अपराध गणले आहेत. त्यांतला एक आहे नामाच्या बळावर पापबुद्धी धरणे. नाम सर्व पापे धुते, मग थोडे पाप केले म्हणून काय बिघडते, असा हिशेब मनात ठेवणारा यमनियमांनीही शुद्ध होत नाही, असे तेथे म्हटले आहे. अजामिळाने मुलाला हाक मारली तेव्हा त्याच्या मनात कोणताच हिशेब नव्हता. जो माणूस नाव निवडण्यासाठी तीन पर्याय कागदावर लिहून बसतो, त्याच्यापाशी हिशेब असतोच. तो वाईट असतो असे नव्हे. पण तो असतो.

आजोबांच्या दुकानात शेंगदाण्याचे तेल विकले जाई. एका टंचाईच्या वर्षी नेहमीचा घाणेवाला भाव वाढवू लागला आणि दुसऱ्या एका ठोक व्यापाऱ्याने स्वस्तात डबे आणून दिले. तेलाचा रंग किंचित फिका होता. आजोबांना तो दिसला. त्यांनी विचारले नाही. भेसळ त्यांनी केली नव्हती, आणि ती आहे हे त्यांना ठाऊक होते असेही म्हणता येणार नाही. ठाऊक होऊ नये अशी त्यांची इच्छा होती, एवढे मात्र त्यांनीच पुढे आमच्या वडिलांपाशी कबूल केले. आठवड्याने शेजारच्या गल्लीतल्या एक वृद्ध बाई तेलाची किटली परत घेऊन आल्या. आजोबांनी पैसे पुढे केले. बाईंनी ते घेतले नाहीत, भांडणही केले नाही. ‘‘तेल परत नको, पैसे नकोत. पाटी तेवढी उतरवा,’’ असे म्हणून किटली फळीवर ठेवून त्या निघून गेल्या.

पाटी उतरली नाही. राहिलेले डबे आजोबांनी परत पाठवले आणि त्या वर्षी नुकसान सोसले. परंतु त्या बाई पुन्हा कधी दुकानात आल्या नाहीत, आणि त्या देवळात भेटल्या की आजोबा खांबाच्या आड उभे राहत, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. दुकानाला आजोबांचे स्वतःचे नाव असते तर बाईंनी कदाचित पैसे परत घेतले असते आणि चार शब्द सुनावून प्रकरण मिटवले असते. आजोबांनी विश्वास उसना घेतला होता, आणि तो ज्याच्याकडून घेतला त्याला बाजारात येऊन बोलता येत नव्हते. बाई त्याच्या वतीने बोलल्या. आमच्या पाहुण्याची आजी कदाचित हेच सांगत असावी.

आता कायद्याकडे वळू, कारण तरुणाला त्याचीही चिंता होती. व्यापारचिन्हांविषयीचा १९९९ चा अधिनियम १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. देशातील कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदवू नये, असे त्याच्या नवव्या कलमात म्हटले आहे. त्याच कलमानुसार केवळ मालाचा प्रकार किंवा गुण सांगणारा शब्दही सामान्यतः नोंदवता येत नाही. देवतांची नावे असलेली चिन्हे मात्र कितीतरी नोंदली गेली आहेत, आणि तेवढेच तंटेही झाले आहेत. उदबत्तीला ‘रामायण’ हे नाव एकट्याने वापरू पाहणाऱ्या एका व्यापाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ साली न्यायालयाने निर्णय दिला की पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणालाही असा एकाधिकार सांगता येणार नाही. २०१७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात ‘लक्ष्मी’ नावाच्या झाडूवरून वाद आला. दुसऱ्याने झाडूला ‘महालक्ष्मी’ म्हटले म्हणून पहिल्याची तक्रार होती. ती मनाई न्यायालयाने दिली नाही. लक्ष्मी हे सर्वांचे नाव, त्यावर एकट्याचा हक्क कसा, असा त्याचा आशय होता.

हे दुसरे प्रकरण वाचून आम्हाला हसू आले, आणि लगेच ते मावळलेही. केरसुणी ही आपल्या घरांत लक्ष्मीच असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. एरवीही तिला पाय लागला तर नमस्कार करतात. म्हणजे झाडूला लक्ष्मीचे नाव देणारा व्यापारी काही अपूर्व करीत नव्हता; प्रत्येक घरातली बाई जे शतकानुशतके म्हणत आली तेच त्याने छापले, आणि मग बाकीच्यांनी म्हणू नये असा आग्रह धरला. देवतेचे नाव लक्षात राहते ते सर्वांचे असल्यामुळे. आणि सर्वांचे असल्यामुळेच ते कोणा एकाची खूण होऊ शकत नाही. एकाच रस्त्यावर चार महालक्ष्मी असतील, तर चांगले तेल देणारी कोणती हे गिऱ्हाइकाला ‘कोपऱ्यावरची’ असेच सांगावे लागते. येथे व्यवहार आणि श्रद्धा या दोहोंचा सल्ला एकच निघतो.

कायद्याने नाव ही मालमत्ता ठरते, आणि मालमत्ता विकता येते. याचा अर्थ आम्हाला घरीच कळला. वडिलांच्या पश्चात आम्हा भावंडांत दुकान चालवणारे कोणी उरले नाही. ते विकले तेव्हा खरेदीखतात जागा, फळ्या, तराजू, राहिलेला माल आणि ‘दुकानाचे प्रचलित नाव’ अशी यादी होती. आम्ही सह्या केल्या. घेणारे सज्जन होते, आजही दुकान नीट चालवतात. परंतु त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे असे मान्य केले. तिच्या नावे जमीन असते, तिच्या वतीने दावे चालतात. अशा व्यक्तीचे नाव आम्ही तराजू आणि फळ्या यांच्या पंक्तीला बसवून विकले होते, आणि ते विकण्याचा अधिकार आम्हाला आहे काय असे तिला कोणी विचारले नव्हते.

तरीही देवतेचे नाव पाटीवर कधीच नसावे, या मताला आम्ही येऊ शकलो नाही. आम्हाला अडवतात ते बेळगावच्या मातीतले शरण. बाराव्या शतकातल्या बसवण्णांची वचने कूडलसंगमदेवाच्या नावाने संपतात, अक्कमहादेवींची चेन्नमल्लिकार्जुनाच्या. आपले नाव बाजूला ठेवून इष्टदेवतेचे नाव मुद्रेच्या जागी घालण्याची ही रीत. उलट देहूचे तुकोबा, जे स्वतः वाणी होते, दुकान चालवीत होते आणि ज्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे सांगतात, ते प्रत्येक अभंगाला स्वतःचे नाव जोडतात: तुका म्हणे. (ज्ञानदेवांच्या मुद्रेत रखुमादेवीवर विठ्ठल आहे, तेव्हा मराठी-कन्नड असा सरळ भेद येथे करता येणार नाही.) एका रीतीत ‘हे माझे नव्हे, तुझे’ असा भाव आहे, दुसरीत ‘चुकले तर माझे चुकले’ असा. दोन्ही रीती थोर आहेत. मात्र ज्या शरणांनी देवतेच्या नावाची मुद्रा घेतली त्यांनी तिच्याबरोबर कायक आणि दासोह हेही घेतले होते. कष्ट आपले, आणि गरजेपुरते ठेवून बाकीचे समाजाचे. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी ते जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. देवाच्या नावाने दुकान चालवायचे तर चोपडीत असे एक पान हवे. जुन्या पेढ्यांत देवाचे खाते असे, धर्मादाय बाजूला पडे. ते नुसते शोभेचे नव्हते. ज्या दुकानात देवाचे नाव आहे आणि देवाचे खाते नाही, तेथे देवाला भागीदार करून नफ्यातून वगळले आहे, असे म्हणावे लागते.

दुसरी एक गोष्ट आम्ही तरुणाला बजावून सांगितली. पाटी आणि पुडा यांत अंतर आहे. पाटी एका जागी राहते. सकाळी तिला हार पडतो, संध्याकाळी उदबत्ती. पुडा घरोघर जातो, फाडला जातो आणि गटाराच्या कडेला पडतो. दिवाळीच्या पहाटे लक्ष्मीचे चित्र असलेल्या फटाक्यांच्या चिंध्या रस्त्यावर पाहून ज्याने पाय उचलून घेतला नाही असा आपल्यातला माणूस विरळा. हा प्रकार नवाही नाही. मँचेस्टरचे व्यापारी हिंदुस्थानात पाठवण्याच्या कापडावर आपल्या देवतांची रंगीत तिकिटे चिकटवीत. ज्या देवळाची पायरी ते कधी चढले नव्हते, तेथला विश्वास त्यांनी तिकिटावर छापून घेतला. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवतांची चित्रे गरिबांच्या घरात आली, हा मोठाच उपकार झाला; पुढे तशाच चित्रांखाली व्यापाऱ्यांची नावे येऊ लागली. आमच्या लहानपणी आई दिनदर्शिकेवरच्या चित्राखालची व्यापाऱ्याच्या नावाची पट्टी कात्रीने कापून काढी आणि मग चित्र चौकटीत बसवी. तिला हा भेद कोणी शिकवला नव्हता.

देवतांचीच गोष्ट कशाला! छत्रपती संभाजी महाराजांचे नाव एका बिडीला कित्येक दशके होते. ओढून फेकलेल्या थोटकाबरोबर ते नाव पायदळी जाते हे अनेकांना सलत होते; २०२० साली आंदोलन झाले आणि उत्पादकांनी नाव बदलण्याचे मान्य केले. २०२२ साली महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांविषयीचा कायदा सुधारला गेला, तेव्हा मद्य विकणाऱ्या आस्थापनांना महनीय व्यक्तींची वा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई झाली. कायद्याने करावे लागले याचे आम्हाला वाईट वाटते. खोबरेल हे मद्य नव्हे, हे तरुणाचे म्हणणे बरोबर आहे. डबा मात्र कचऱ्यातच जाणार.

मग कसले नाव द्यावे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलींच्या दुकानाने आरंभ केला, पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. प्रारंभी नांगर खपेना. त्या नांगरामागे उभे होते ते एका घराण्याचे आडनाव. नांगर मोडता तर आडनाव मोडले असते. ‘अमूल’ हे नाव आणंदच्या दूध संघाच्या आद्याक्षरांचे आणि ‘अमूल्य’ या संस्कृत शब्दाचेही. आखूड, सुलभ, शुभ, सूत्रकारांनाही रुचावे असे. ठाण्याची ‘पितांबरी’ तर आम्हाला फार कुशल वाटते. देवघरातली तांब्यापितळेची भांडी उजळणाऱ्या चूर्णाला पीतांबराची आठवण देणारे नाव. देवाचे नाव घेतले नाही, वस्त्राचा काठ तेवढा धरला. अर्थहीन झुळझुळीत नावाबद्दल आम्हाला फारसे सांगावयाचे नाही. ते रिकामे भांडे आहे. त्यात वीस वर्षे चांगला माल ओतला तर अर्थ येईल.

आम्ही तरुणाला कोणतेच नाव ठरवून दिले नाही. कारखान्याच्या दारावर देवीचे नाव लिही, चोपडीत तिचे खाते घाल आणि डब्यावर असे नाव घाल की तक्रार घेऊन येणाऱ्याला तुझे घर सापडेल, एवढे म्हटले. त्याने विचारले, ‘‘काका, तुमची ती पाटी कुठे आहे?’’ दुकान घेणाऱ्यांनी नवी दिव्यांची पाटी केली तेव्हा जुनी लाकडी पाटी आम्हाला आणून दिली होती. ती माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवली आहे. भिंतीवर लावायचा धीर होत नाही, टाकून देणे शक्य नाही. खंडेनवमीला काढतो, पुसतो, फूल वाहतो. त्याने ती उजेडात धरून वाचली. देवीच्या नावाखाली बारीक अक्षरांत आजोबांचे नाव होते, रंग बराच उडालेला. आम्हीही ते कित्येक वर्षांत वाचले नव्हते.

दिवाळीनंतर त्याचा पहिला डबा आला. वर वाड्याचे नाव, खाली त्याचे स्वतःचे पूर्ण नाव आणि घरचा पत्ता. आमसुले चांगली काळी आणि नरम होती. मीठ किंचित अधिक पडले आहे, ते त्याला पत्राने कळवले आहे.